मशीनला लावलेलं कुंकू

उज्ज्वला,

तू गेल्यावर पेपरात तुझ्यावर दोन कॉलम आले. सगळ्यांनी तुला 'निर्भीड' म्हटलंय. मी दारव्ह्याला दुकानात बसून ते वाचलं आणि एकटाच हसलो. बैलाला घाबरणारी बाई निर्भीड कशी, असं त्या पेपरवाल्याला फोन करून विचारावंसं वाटलं. कापसाच्या बाजारात शूटिंग असलं की तू मला मधे उभं करायचीस. माझ्या कानाला हेडफोन, हातात माईकचा दांडा, आणि माझ्या आडून तुझा कॅमेरा. "गजानन, थो पांढरा माह्याकडं पाहून राह्यला," म्हणायचीस. तो बिचारा सकाळपासून गाडीला जुंपलेला, त्याला तुझ्यात काय रस? पण त्यामुळे तुझ्या पहिल्या फिल्मच्या निम्म्या दृश्यांत माझी उजवी बाही आहे. लोक मला विचारतात, फिल्ममध्ये तुम्ही कुठं आहात? मी बाही दाखवतो.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. तुझं शिक्षण, तुझे पुरस्कार, हे सगळं छापून झालंय. ते मी परत लिहीत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तू मधेच तोडणार नाहीस अशी ही पहिलीच वेळ आहे.

आपली ओळख नेरच्या एका लग्नात झाली. लाउडस्पीकर माझा होता, व्हिडिओ शूटिंग तुझं. तेव्हा बाई कॅमेरा घेऊन लग्नात फिरते याचंच लोकांना नवल. नवरदेवापेक्षा तुझ्याकडे जास्त माना वळायच्या. बुद्धवंदना सुरू झाली आणि माझा स्पीकर शिट्टी मारायला लागला. वंदना संपेपर्यंत तू दम धरलास. मग सरळ माझ्याकडे आलीस.

"तुले ऐकू येते का?"

मी म्हटलं, येते.

"मंग हे सहन कायले करून राह्यला?"

मी मुकाट्यानं वायरी बदलल्या. जेवणं आटोपल्यावर जाता जाता म्हणालीस, कान चांगला हाय तुहा, फक्त वापरत नाई. एवढ्या वर्षांत तू माझं केलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक. पुढे कधी त्याच्या वर गेली नाहीस.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नव्हता, बोंडअळीनं शेतं खाल्ली होती, आणि आपल्या भागातली माणसं औषध पिऊन जात होती. बाहेरून गाड्या भरभरून कॅमेरे यायला लागले. एका चॅनलवाल्यांनी तुला वाट दाखवायला सोबत घेतलं. दारव्ह्याजवळच्या गावात शांताबाईच्या घरी तू त्यांना नेलंस. तिचा नवरा जाऊन चार महिने झाले होते. त्या पत्रकारानं तिला हार घातलेल्या फोटोखाली बसवलं, प्रश्न विचारले, ती रडली. तेवढ्यात ऊन सरकलं म्हणून तो म्हणाला, परत एकदा करू या. शांताबाई पदरानं तोंड पुसून उठली.

"एकडाव रडली ना बापा. आता बकरीले पाणी दाखवा लागते."

तू फाट्यावर त्यांच्या गाडीतून उतरलीस, काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेतलंस आणि थेट माझ्या दुकानात आलीस. तुला आवाजवाला हवा होता. अट एकच, कुणाचं रडणं रेकॉर्ड करायचं नाही, बाकी सगळं करायचं. मी म्हटलं, लग्नाचा सीझन आहे. तू म्हणालीस, लग्नं होतच राह्यतीन. मी शटर खाली ओढलं. ते का ओढलं, हे बायकोला मी आजपर्यंत नीट समजावू शकलो नाही.

आठ दिवसांनी आपण शांताबाईकडे गेलो. तू कॅमेरा पिशवीतच ठेवलास. बकरीबद्दल बोललीस, तुरीबद्दल बोललीस, तिच्या हातच्या भाकरीबद्दल बोललीस. निघताना तिनंच विचारलं की तुमची मशीन चालू नाही का करत? पुढच्या आठवड्यात आपल्या गावात पुढारी येणार, विधवा बायांना शिलाई मशीन वाटणार, तेव्हा या, असंही तीच म्हणाली. त्या पुढाऱ्याचं नाव मी इथं घेत नाही. तू असतीस तर घेतलं असतंस, तेही वडिलांच्या नावासकट.

तो कार्यक्रम तुला आठवतो ना? मंडपातला लाउडस्पीकर माझाच होता. भाषणं झाली, शांताबाईनं मशीनवर हात ठेवून फोटो काढून घेतला, टाळ्या झाल्या, गाड्या धुरळा उडवत गेल्या. शांताबाईनं मशीन ओसरीवर नेली. शेजारच्या बायांना बोलावलं आणि हळदीकुंकवाची कोयरी बाहेर काढली. तिची मोठी जाऊ म्हणाली, तू नोको लावू, कोण्या सवाष्णीच्या हातानं लाव. शांताबाईनं बोट कुंकवात बुडवलं होतं.

"मले लावू नोका म्हणते. मशीनले कोण नाई म्हणते?"

आणि तिनं चाकावर, सुईवर, पायडलवर असं भरभरून कुंकू लावलं की ते तिच्या कोपरापर्यंत उडालं. तुझा कॅमेरा चालू होता. तू हसत होतीस, म्हणून ते दृश्य थोडं हलतं.

दोन तासांनी टेम्पो आला. दोन माणसं उतरली आणि त्यांनी मशीन उचलली. नंबर टाकायचा आहे, आठ दिवसांत परत आणून देतो, म्हणाले. कुणी अडवलं नाही. सरकारी वस्तूंवर नंबर असतात, हे सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं. मलाही पटलं.

तुला पटलं नाही. पुढच्या आठवड्यात तोच पुढारी नेरकडच्या एका गावात मशीन वाटायला गेला. तू मला ओढत तिथं नेलंस. मी भाषण रेकॉर्ड करत होतो आणि तू वायर सरळ करायच्या बहाण्यानं स्टेजजवळ वाकून बसलीस. मग येऊन माझा हेडफोन ओढलास.

"गजानन, ही शांताबाईची हाय."

मी म्हटलं, असं कसं असेल, कंपनीच्या सगळ्या मशीन सारख्याच दिसतात.

"चाकाच्या खाचेत पाह्य."

मी पाहिलं. कुणीतरी ओल्या फडक्यानं मशीन पुसली होती, पण खाचेतलं कुंकू निघालं नव्हतं. तिसरं गाव आर्णीच्या वाटेवर होतं. तिथंही तीच मशीन, तेच कुंकू, तेच भाषण. फक्त गावाचं नाव बदललेलं, आणि तेही पुढारी एकदा चुकला.

तिथून परतताना तू जीपच्या मागच्या फळीवर बसून एवढी हसलीस की शेजारच्या म्हातारीनं तुला पाणी प्यायला दिलं. रागावलेलं तुला मी पुष्कळदा पाहिलं आहे. पण तुझं खरं काम सुरू झालं ते त्या हसण्यातून, असं मला वाटतं. रडण्यावर कॅमेरा लावायला सगळे होते. आपल्या भागातला माणूस हसतो कशाला, हे पाहायला तू एकटीच होतीस.

मग आपलं पहिलं मोठं भांडण झालं. माझं म्हणणं होतं की शांताबाईचा चेहरा झाकायचा. ती गावात एकटी, तिला त्रास देतील. तुझं म्हणणं, तू कोण ठरवणारा? आपण दोन दिवस वाद घातला आणि शेवटी तिलाच जाऊन विचारलं. ती बकरीचं दूध काढत होती. वरही न बघता म्हणाली, "मशीन लपवली त्याइनं. तोंड मी कायले लपवू?"

तू माझ्याकडे पाहिलंस ते मला अजून आठवतं. एखादी बाई शेताच्या धुऱ्याची, हद्दीची केस जिंकल्यावर असं पाहते.

त्याच दिवशी ती मुलाखत झाली. आता मी जे लिहितोय ते तुला माहीत आहे, पण मी माझ्या तोंडानं कधी बोललो नाही. शांताबाई सांगायला लागली, टेम्पो कुणी पाठवला, मशीन कुणाच्या गोदामात राहते, गावागावांत ती नेऊन ठेवायचं काम कोण करतो. तिनं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मी रेकॉर्डर बंद केला. तो माणूस माझ्या बायकोचा सख्खा भाऊ होता. मी हेडफोन काढून म्हणालो, बॅटरी गेली. तोवर तिचं सगळं बोलून झालं होतं. तू म्हणालीस, परत विचारू या. आणि मग स्वतःच थांबलीस, कारण 'परत एकदा' हे शब्द त्या घरात आपल्याला वापरायचे नव्हते.

फिल्ममध्ये तू ते दृश्य तसंच ठेवलंस. शांताबाई बोलते, हातवारे करते, आवाज नाही. पुढे एका मोठ्या शहरात ती फिल्म दाखवली तेव्हा एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, या शांततेचा वापर फार अर्थपूर्ण आहे. मी मागच्या रांगेत खुर्चीत खाली खाली सरकत होतो. तू माईकवरून एवढंच म्हणालीस, आमच्या ध्वनिमुद्रकाची कामगिरी आहे.

पण त्याआधी फिल्म आपल्या लोकांना दाखवायची होती. दारव्ह्यात एका सभागृहाचं नक्की झालं होतं. आदल्या दिवशी मालकानं कुलूप लावलं आणि चावी घेऊन पाव्हण्याकडे निघून गेला. तू म्हणालीस, बरं झालं, शांताबाईच्या गावातच दाखवू. गावात लाइन दिवसाच असायची, संध्याकाळी भारनियमन. म्हणून दुपारी दोनला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, खिडक्यांना सतरंज्या आणि पोती बांधून आपण फिल्म लावली. पुढे तुझे सत्कार सुरू झाल्यावर पोत्यांची जागा शालींनी घेतली. एवढ्या शाली मिळाल्या तुला, पण एकही अंगावर घेतली नाहीस. सगळ्यांना कोपऱ्यात दोऱ्या शिवून घेतल्या आणि खिडकीवर टांगल्या.

त्या दुपारी पहिल्या गावात मशीन आली तेव्हा शेडमध्ये चिडीचूप होतं. दुसऱ्या गावात आली तेव्हा मागून कुणीतरी खाकरलं. तिसऱ्या गावात पुढारी 'ही मशीन या भगिनीचं आयुष्य बदलून टाकील' म्हणाला आणि एका म्हातारीनं विचारलं, "किती बायाइचं बदलवते एक मशीन?" मग जे हसू फुटलं ते आवरेना. एक जण पोटाला हात लावून दाराबाहेर जाऊन बसला. माझा मेव्हणा शेडच्या दारात उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, तरी तो हळूच निघून गेला.

पंधरा दिवसांत टेम्पो परत आला. कोरी मशीन, प्लॅस्टिकसकट. शांताबाईनं दारातच अडवलं. "हे माही नाई," म्हणाली. ते म्हणाले, ही नवी आहे, त्याहून चांगली आहे. ती म्हणाली, "माह्या मशीनवर कुंकू हाय. थेच पाह्यजे." दोन तास घासाघीस चालली. अखेर ते गेले आणि तिसऱ्या दिवशी तिची मशीन शोधून घेऊन आले. बाकीच्या दोन गावांतल्या बायांनाही नव्या मिळाल्या.

आणि हे सगळं तुझ्या कॅमेऱ्यात नाही. तू तेव्हा नेरहून येणाऱ्या एस.टी.त होतीस आणि एस.टी. पंक्चर होती. किती हळहळलीस. पण नंतर तो प्रसंग तू स्वतःच करून दाखवायला लागलीस. एकदा शांताबाई, एकदा टेम्पोवाला, एकदा मशीन. मशीनचं काम तू फार मन लावून करायचीस. शांताबाईनं ते पाहिलं तेव्हा म्हणाली, खरं एवढं चांगलं नव्हतं झालं.

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तेही या फिल्ममुळेच. साहेबांनी विचारलं, फिल्ममध्ये आक्षेपार्ह काय आहे? तू म्हणालीस, मी कसं सांगू, तुम्हीच पाहा. आणि पिशवीतून सीडी काढून दिलीस. त्यांनी कॉम्प्युटरवर लावली. आपण बाहेर बाकावर बसलो होतो. मशीन तिसऱ्या गावात पोचली ते आपल्याला बाहेरच कळलं, आतल्या हवालदारांच्या आवाजावरून. साहेबांनी सीडी परत देताना तोंड गंभीर ठेवलं होतं, पण चहा पाजला.

सगळंच एवढं गोड नव्हतं, हेही लिहितो, नाहीतर म्हणशील गजाननानं रंग मारला. तुझ्या स्वतःच्या वस्तीतल्या एका नेत्यानं समाजमंदिराचं काम अर्धवट सोडलं, त्यावरही तू फिल्म केलीस. तुझ्या घरी लोक आले. आपल्याच माणसाला उघडं पाडतेस, म्हणाले. तुझे वडील गुरुजी, त्यांचा शब्द वस्तीत चालायचा. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तुला विचारलं, यात काही खोटं आहे का? तू नाही म्हणालीस. मग ते आलेल्या माणसांना म्हणाले, चहा घ्या. त्यानंतर वर्षभर तुला वस्तीतल्या एकाही लग्नाचं काम मिळालं नाही. तू माझ्या दुकानात येऊन स्पीकरचे फाटलेले कागदी कोन चिकटवायला बसायचीस आणि वाईट चिकटवायचीस.

मग ती यवतमाळच्या बसस्टँडवरची सकाळ. गाडीला उशीर होता. तू चहाचा कप बाकावर ठेवलास आणि समोर बघत म्हणालीस,

"थ्या दिवशी बॅटरी नव्हती गेली."

मी माझा कप उचलला.

"थो तुहा मेव्हणा होय, हेही मले तवाच माहीत होतं."

मी विचारलं, मंग बोलली काहून नाही?

"तू सांगशील म्हणून थांबली. आता थांबाचा कंटाळा आला."

मी चहा पीत राहिलो. मग तू म्हणालीस की फिल्ममधलं तेच दृश्य सगळ्यात खरं आहे, कारण सगळं गाव त्या शांततेत उभं आहे, तूसुद्धा. मी चिडलो. म्हटलं, ती माझी भीती आहे, तिला कला म्हणू नको. तू म्हणालीस, मी कला म्हटलंच नाही, मी खरं म्हटलं. गाडी लागली. आपण दारव्ह्यापर्यंत भांडलो आणि पुढच्या अनेक वर्षांत मधून मधून भांडत राहिलो. तुझं म्हणणं अजूनही मला पटलेलं नाही. भीती ही भीतीच असते. शांताबाई बोलली होती आणि मी ते जगापर्यंत पोचू दिलं नाही. पण त्या भांडणात एक साधी गोष्ट राहून गेली. उज्ज्वला, माझं चुकलं. तुझ्याजवळ आणि तिच्याजवळही.

घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, मले तं पिक्चर पाह्यला तवाच समजलं. म्हणजे मी ज्यांच्यापासून लपवत होतो त्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्या मला सांभाळून घेत होत्या.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नेरला मंडप पुरला नाही. वंदना झाली, मोठमोठे लोक बोलले. मग शांताबाई उठली. आता तिच्या हाताखाली चार मुली शिवतात. तिला माईक कसा धरायचा ते कळेना, मी जाऊन धरला. ती म्हणाली, "बाई आली तवा मी रडून राह्यली होती. थिनं मले काय पाह्यजे थे इचारलं. दुसऱ्या कोणी नाई इचारलं." एवढं बोलून खाली बसली. त्या दिवशी माझा स्पीकर नीट वाजला. मी तीनदा तपासला होता.

मग मी तिला बाजूला घेऊन बॅटरीची गोष्ट सांगितली. "थ्या तुमच्या मेव्हण्याचे शर्ट मीच शिवते आता," म्हणाली. आणि जेवायला बसा म्हणाली.

निघताना तुझी धाकटी बहीण निर्मला आतून तुझ्या कॅमेऱ्याची बॅग घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मला हे चालवता येत नाही, मी आवाजवाला. ती म्हणाली, घरात ठेवून काय करू?

झरी जामणीकडच्या एका पोडावर, कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, फिल्म दाखवायचं तू कबूल केलं होतंस. मी परवा गेलो. जंगलातून रस्ता, दुपारची लाइन, शाळेची एक खोली, खिडक्यांना तुझ्या शाली. फिल्म संपल्यावर एका बाईनं विचारलं, बाई काहून नाही आली? त्यांना कळलंच नव्हतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. माझ्या तोंडून ते पूर्ण वाक्य तेव्हा पहिल्यांदा निघालं. ती बाई बाकीच्यांशी त्यांच्या बोलीत काही बोलली.

मग तीच बाई उठली आणि मला चला म्हणाली. पोडाच्या टोकाला हापशी होती. दांड्याला लाल फीत बांधलेली, बाजूला उद्घाटनाची पाटी. तिनं दांडा खालीवर केला. पाण्याचा थेंब नाही. अशा फिती दोनदा कापल्या, तिसरी उद्या कापणार आहेत, म्हणाली. मग माझ्या खांद्यावरच्या बॅगकडे पाहून तिनं विचारलं, "यात काय हाय?"

मी त्या रात्री पोडावरच राहिलो. सकाळी गाड्या आल्या, हार आले, फीत कापली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला शॉट पार हलला. दुसरा बरा आला.